अश्वशक्तीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा जवळ आला की आमच्या बंदरात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, 'बोट कधी शाकारणार?' आणि दुसरा, 'यंदा इंजिन बदलणार का?' मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात, मेस्त्री आणि सुतार गावातच असतात. त्यामुळे इंजिन बदलायचं ते याच दिवसांत. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या आयुष्यात दोनदा दिलं. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा बरोबर आलं. त्या चुकीची किंमत एकट्या मी मोजली असती तर तिच्याबद्दल बोलायला इथे आलोही नसतो. पण ती माझ्या बोटीवरच्या सहा खलाशांनीही मोजली. म्हणून आज थोडं मोकळेपणानं बोलणार आहे.

मी इंजिनिअर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर आमची घरची लाकडी बोट आहे. सुरमईची जाळी टाकणारी. पाण्याच्या रेषेवर मोजली तर लांबी ३६ फूट. माझ्या वडिलांनी १९८२ साली तिच्यात इंजिन बसवलं ते दोन सिलिंडरचं, ३० हॉर्सपॉवरचं. फेऱ्या मिनिटाला १२००. आजच्या मानानं संथच. त्याला बॅटरी लागत नसे. वरचा खटका उघडायचा, हँडल घालून जड चाक फिरवायचं आणि चाकानं जोर धरला की खटका पाडायचा. एक खोल धक्का बसे आणि इंजिन चालू होई. त्या आवाजावरून आई घरात बसून सांगायची, आपली बोट खाडीत शिरली.

किर्लोस्कर, रस्टन ही नावं आमच्या किनाऱ्यावर घरातल्या माणसांसारखी घेतली जात, त्याला कारण होतं. स्वातंत्र्यानंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, सरकारी मदत मिळू लागली आणि शिडाच्या होड्यांत हळूहळू इंजिनं आली. वारा पडला म्हणून समुद्रात अडकून पडणं संपलं. मासळी ताजी असताना बाजारात पोचू लागली. ज्या पिढीनं वल्ही मारली होती तिला इंजिनाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

पण लोखंडालाही वय असतं. २००९ पर्यंत आमचं इंजिन थकलं होतं. ऑइल खात होतं, सुटे भाग भंगारवाल्याकडे शोधावे लागत होते. बदलणं भाग होतं. वडिलांनी व्यवहार माझ्यावर सोपवला होता. मी तालुक्याच्या गावी एका विक्रेत्याकडे गेलो. त्यानं विचारलं, ''किती हॉर्सपॉवरचं पाहिजे?'' मी म्हणालो, ''मोठ्यातलं दाखवा.'' संपूर्ण व्यवहारात बोटीविषयी झालेलं बोलणं एवढंच. बोट किती लांब, किती वजनाची, पंखा किती इंची, गिअर कोणता, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेजारच्या बोटीवर ६० चं आलं होतं. मी ७५ चं घेतलं. कर्ज काढून.

बंदरावरच्या लोकांना मी पंखा म्हटलं की कळतं. इतरांसाठी सांगतो, बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याखाली जो फिरतो, ज्याला पुस्तकात प्रोपेलर म्हणतात, तो पंखा. इंजिनापासून गिअर, गिअरपासून लांब दांडा म्हणजे शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला पंखा, अशी ही साखळी. मी त्या साखळीची एक कडी बदलली. पैसे वाचवायचे म्हणून शाफ्ट जुना ठेवला, पंखा जुना ठेवला, समुद्राचं पाणी आत घेणारी नळीसुद्धा जुनीच ठेवली. नव्या इंजिनाचे पाय जुन्या बैठकीवर बसेनात, तेव्हा लोखंडी तुकडे घालून बसवले. नारळी पौर्णिमेला पूजा केली आणि बोट पाण्यात लोटली.

पहिल्याच दिवशी तांडेलकाका परत येऊन म्हणाले, ''अरे, हे इंजिन रडतंय.'' मला राग आला. मी स्वतः बोटीवर गेलो. हे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांचं. पण पूर्ण रेस दिली तरी काटा १४५० च्या वर जाईना. मागे काळा धूर. जीपीएसवर वेग पाहिला. जुनं इंजिन साडेसहा नॉट द्यायचं, हे साडेसात देत होतं. एक नॉट वाढला म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. मग डिझेलची वही पाहिली. जुनं इंजिन ताशी साडेपाच लिटर घेत असे. हे अकरा घेत होतं.

हे का झालं, ते मला पुढे एका वृद्ध माणसानं समजावलं. त्यांच्याविषयी नंतर सांगतो. कारण आधी समजून घेऊ.

आमच्यासारखी जड लाकडी बोट पाण्यावरून घसरत जात नाही, पाणी कापत जाते. ती चालली की पुढे एक लाट उठते, मागे एक उठते. वेग वाढेल तशी या दोन लाटांमधली लांबी वाढते. एका वेगाला ती लांबी बोटीएवढी होते आणि बोट आपणच केलेल्या दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बसते. त्याहून जोरात जायचं म्हणजे स्वतःच्या लाटेवर चढायचं. हा वेग काढण्याचं एक जुनं गणित आहे. पाण्यावरच्या लांबीचे फूट घ्या, त्यांचं वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. आमची बोट ३६ फूट, वर्गमूळ ६, गुणाकार ८. म्हणजे आठ नॉट, ताशी सुमारे पंधरा किलोमीटर. आठ नॉटवर काही भिंत नसते, पण तिथून पुढचा प्रत्येक अर्धा नॉट फार महाग पडतो. तिथवर पोचतानाही हिशेब सरळ नसतो. सातावरून आठ नॉटवर जायला ताकद एक-सप्तमांश वाढवून भागत नाही, निदान दीडपट करावी लागते. डिझेलही त्याच प्रमाणात जातं. मी ताकद अडीचपट विकत घेतली होती. बोटीला ती वेगात बदलून देता येत नव्हती.

दुसरी गोष्ट पंख्याची. पंख्याला दोन मापं असतात. एक व्यास आणि दुसरं पिच, म्हणजे एका फेरीत तो किती पुढे जायला बघतो ते अंतर. आमचा पंखा २७ इंच व्यासाचा, १८ इंच पिचचा. जुन्या इंजिनाला दोनास एक गिअर होता, म्हणजे इंजिनाच्या १२०० फेऱ्या, पंख्याच्या ६००. दीड फूट गुणिले ६००, म्हणजे मिनिटाला ९०० फूट. कागदावर हा वेग जवळजवळ नऊ नॉट होतो. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे आणि पंखा म्हणजे स्क्रू नव्हे. पाणी निसटतं, म्हणून प्रत्यक्षात साडेसहा मिळत. वडिलांच्या वेळच्या मेस्त्रीनं तो पंखा त्या ६०० फेऱ्यांसाठी निवडला होता.

नव्या इंजिनाचा गिअरही दोनास एक होता. म्हणजे तोच पंखा आता १००० फेऱ्यांनी फिरायला पाहिजे होता. पंख्याचा नियम असा, की फेऱ्या वाढल्या की ताकदीची मागणी घनाच्या पटीत वाढते. ६०० फेऱ्यांना ३० हॉर्सपॉवर मागणारा पंखा १००० फेऱ्यांना जवळपास १४० मागतो. माझ्याकडे होते ७५. मग इंजिन वर जाणार कसं? ते पूर्ण डिझेल पीत, अर्धवट जाळत, तापत, १४५० वर अडून बसलं. भरलेली बैलगाडी चढावर ओढताना बैलाची जी गत होते ती त्या इंजिनाची रोज होत होती. तांडेलकाकांनी एका शब्दात सांगितलं होतं ते खरं होतं. ते रडत होतं.

आता हिशेब कोणाच्या माथी बसला ते सांगतो. आमच्याकडे खलाशाला महिन्याचा पगार नसतो, वाटा असतो. मासळीचे जे पैसे येतात त्यातून आधी डिझेल, बर्फ आणि रेशन वजा होतं. उरेल त्याचे वाटे पडतात. म्हणजे डिझेल दुप्पट झालं की ते माझ्या खिशातून जाण्याआधी सहा घरांच्या वाट्यातून जातं. इंजिन निवडताना मी त्यांना विचारलं नव्हतं. गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीच्या आधी दोन खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले. भांडण नाही, तंटा नाही. एकानं जाताना फक्त म्हटलं, ''मालक, इंजिन तुमचं, पण डिझेल आमचं जातंय.'' या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग नोव्हेंबर आला. कोकणातल्या माणसाला ११ नोव्हेंबर २००९ ही तारीख वेगळी सांगायला नको. फयान वादळ. आमची बोट आदल्या दिवशीच बाहेर गेली होती. हवा बदलली तशी तांडेलकाकांनी जाळी ओढून घेतली आणि जयगडच्या खाडीकडे तोंड केलं. समोरून लाटा, वर पाऊस. अशा वेळी इंजिनाकडून पूर्ण जोर हवा असतो. पण जोर दिला की इंजिनाच्या पाण्याचा काटा लाल रेघेवर जाई. जुन्या इंजिनाची एक इंची नळी या इंजिनाला पुरेसं पाणी देऊ शकत नव्हती, आणि त्यात ते कायम ओझ्याखाली. मग रेस कमी करायची, काटा खाली यायची वाट बघायची, पुन्हा वाढवायची. ७५ हॉर्सपॉवरची बोट तीन-चार नॉटनं खाडीकडे सरकत होती. मी जेटीवर उभा होतो. त्या दिवशी मी काय काय नवस बोललो ते सांगत नाही. बोट आली. माणसं आली. कोकण किनाऱ्यावरच्या अनेक घरांतली माणसं त्या वादळातून परत आली नाहीत. आमच्या बाबतीत तांडेलकाकांचा अनुभव माझ्या अडाणीपणाला पुरून उरला, इतकंच.

मघाशी ज्या वृद्धांचा उल्लेख केला ते या वादळानंतर भेटले. मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये आयुष्य काढून गावी परतलेले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी बोटीची लांबी विचारली. मग पंख्याखाली वाकून टेपनं जागा मोजली. म्हणाले, ''इंजिन शेवटी निवडायचं असतं. आधी बोट, मग पंखा, मग गिअर आणि मग इंजिन. तू उलटीकडून आलास.''

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, तीनास एक गिअर लावून पंखा संथ फिरवायचा. पण मग पंखा ३० इंचांचा लागणार होता आणि पंख्याचं टोक व बोटीचं लाकूड यांत जी मोकळी जागा लागते ती धरली तर आमच्या बोटीत तो बसत नव्हता. दुसरी वाट, पंखा लहान करायचा. आम्ही २४ इंची पंखा घातला आणि पाण्याची नळी बदलली. इंजिन २००० फेऱ्यांवर गेलं, काळा धूर थांबला. डिझेल आठ-नऊ लिटरवर आलं. पण लहान पंखा वेगानं फिरवून जड बोट ढकलणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे. मोठा पंखा संथ फिरवला तर तेवढ्याच ताकदीत जास्त ढकलतो. शिवाय नवं इंजिन जुन्यापेक्षा दोनशे किलो हलकं, त्यामुळे बोटीचा मागचा भाग उचलला जाई. तो खाली बसवायला आम्ही दगड भरले. कर्ज काढून घेतलेल्या ताकदीवर दगड वाहत होतो, असंच म्हणायला हवं.

जानेवारी २०१३ मध्ये घाऊक खरेदीदारांसाठी डिझेलचा दर वाढला. मच्छीमार संस्थांच्या पंपांनाही त्याची झळ बसली. पहिल्या हंगामात तापून तापून आमच्या इंजिनाचे पिस्टनही खराब झालेले होते. त्या पावसाळ्यात मी दुसऱ्यांदा इंजिन बदललं आणि या वेळी आधी वही उघडली. चार वर्षांच्या फेऱ्या, तास, डिझेल आणि वेग. त्यावरून दिसत होतं की आम्हाला नेहमी लागणारा वेग सात नॉटच्या आसपासचा आहे आणि त्याला २५ ते ३० हॉर्सपॉवर पुरतात. वादळवाऱ्यासाठी थोडी शिल्लक हवी. म्हणून ४५ चं इंजिन, १८०० फेऱ्यांचं, गिअर अडीचास एक. म्हणजे पंखा ७२० फेऱ्यांनी फिरणार, आणि त्याला २६ इंच व्यास चालणार, जो आमच्या बोटीत बसत होता. विक्रेता म्हणाला, ''लोक ७५ वरून १०० वर जातात, तुम्ही खाली कसे येताय?'' मी म्हणालो, ''मी वर जाऊन आलोय.''

बसवतानाही घाई केली नाही. बैठकीची लाकडं सुताराकडून नवी करून घेतली. गिअर आणि शाफ्ट जिथे जोडले जातात तिथल्या दोन चकत्या एकमेकींशी समांतर असाव्या लागतात. एक इंच व्यासाला एक हजारांश इंच, इतपतच फरक चालतो. आमची चकती सहा इंची, म्हणजे सहा हजारांश. कागदाच्या एक-दोन पानांएवढी फट. आणि हे माप किनाऱ्यावर घेऊन भागत नाही. लाकडी बोट पाण्यात गेली की लाकूड फुगतं, बोटीचा आकार किंचित बदलतो. म्हणून जोडणीचे बोल्ट सैल ठेवून बोट पाण्यात उतरवली, दोन दिवस तशीच ठेवली आणि मग तरंगत्या बोटीत माप पुन्हा घेऊन आवळणी केली. २००९ मध्ये हे कोणी केलं नव्हतं, आणि शाफ्टची बेअरिंगं वर्षाला का जातात याचं मला कोडं पडायचं.

फिरण्याची दिशाही तपासली. हसू नका. आमच्याच बंदरात एका बोटीला नवं इंजिन बसवल्यावर पुढचा गिअर टाकला आणि बोट मागे जाऊन जेटीवर आदळली. नव्या गिअरमुळे शाफ्ट उलट दिशेनं फिरत होता आणि पंखा जुना होता. कुणीतरी सल्ला दिला, 'मागचा गिअर तोच पुढचा समजा.' मागचा गिअर घटकाभर वापरायला केलेला असतो, दिवसभर नव्हे. हंगाम संपायच्या आत तो गिअर गेला.

आता निकाल सांगतो. ४५ च्या इंजिनाला पूर्ण रेस दिली तर काटा बरोबर १८०० ला टेकतो. इंजिन आणि पंखा यांचं जमलं की नाही, याची यापेक्षा सोपी परीक्षा नाही. भरल्या बोटीत काटा कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत गेला तर जमलं. खालीच अडला तर पंखा जड. सहज वर पळाला तर पंखा हलका. रोज आम्ही रेस १५ टक्के कमी ठेवूनच चालवतो. घनाच्या नियमानं तेवढ्यानंच ताकदीची मागणी जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरते. वेग सात नॉटच्या जरासा आत, डिझेल ताशी साडेपाच लिटर. म्हणजे वडिलांच्या इंजिनाएवढंच डिझेल, वेग थोडा जास्त आणि वाऱ्याच्या तोंडावर जायची वेळ आली तर ताकद शिल्लक.

नव्या इंजिनाचे नवे नखरेही आहेत, तेही सांगितले पाहिजेत. ते हँडलनं चालू होत नाही. म्हणून दोन बॅटऱ्या ठेवाव्या लागतात, एक फक्त इंजिन चालू करण्यासाठी राखीव. आत गोडं पाणी फिरतं आणि समुद्राचं पाणी त्याला बाहेरून थंड करतं. हे चांगलं आहे, कारण खारं पाणी थेट इंजिनात फिरवलं आणि ते फार तापू दिलं तर आत मीठ धरतं. पण समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी चक्र असतं. तळाच्या व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकची पिशवी अडकली आणि पंप कोरडा फिरला की ते काही मिनिटांत फाटतं. त्याचा एक जादा नग आणि तो बदलता येणारा माणूस बोटीवर पाहिजेच. जुनं इंजिन हात मागायचं, नवं लक्ष मागतं.

तेव्हा येत्या बंदीत ज्यांना इंजिन बदलायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. विक्रेत्याकडे जाण्याआधी चार आकडे कागदावर लिहा. पाण्यावरची लांबी, पंख्याचा व्यास आणि पिच, गिअरचं प्रमाण आणि तुम्हाला रोज खरोखर लागणारा वेग. इंजिनाच्या किमतीसोबत पंखा, शाफ्ट, नळ्या आणि बैठक यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरा. इंजिन बदललं की त्याचा नंबर परवान्याच्या आणि विम्याच्या कागदांवर बदलून घ्या. आणि शेवटचं, बोटीवरच्या माणसांना विचारा. तांडेलाला बोट किती ओढते ते हाताला कळतं आणि खलाशाला डिझेल किती जातं ते वाट्यात कळतं.

२००९ साली सोडून गेलेल्या दोघांपैकी एक जण २०१४ च्या हंगामात आमच्याकडे परत आला. आल्यावर त्यानं इंजिन पाहिलं नाही. डिझेलची वही मागितली, चार पानं वाचली आणि म्हणाला, ''ठीक आहे, मालक. उद्या किती वाजता निघायचं?''